डूख

शेताच्या बांधावर साप निघाला आणि कोणी त्याला काठी मारली, तर जवळची वडीलधारी माणसे प्रथम एकच प्रश्न विचारतात, "पुरता मेला ना?" साप जखमी होऊन बिळात निसटला असेल, तर त्या घरात रात्रभर कोणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. अर्धमेला साप डूख धरतो, मारणाऱ्याला ओळखून ठेवतो आणि वर्षांनी का होईना, त्याला गाठून दंश करतो, अशी समजूत खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मेलेल्या सापाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचे चित्र उमटते, असेही लोक सांगत. म्हणून त्याला जाळून टाकीत.

मनात दडवून ठेवलेला आणि सूड उगवण्याच्या संधीची वाट पाहणारा राग म्हणजे डूख. हा शब्द पुल्लिंगी आहे. विभक्तीचा प्रत्यय लागताना 'ऊस' या शब्दाचे 'उसाला' आणि 'फूल' या शब्दाचे 'फुलाला' होते, त्याचप्रमाणे 'डूख' या शब्दाचे 'डुखाने', 'डुखापायी' असे होते. त्याच्या जोडीला येणारे क्रियापदही लक्षात ठेवण्याजोगे आहे. द्वेष करता येतो, हेवा वाटतो, अढी बसते. डूख मात्र धरतात. एखादी वस्तू मुठीत आवळून धरावी आणि हात दुखला तरी सोडू नये, तसा तो असतो.

बांधाच्या हातभर जमिनीवरून दोघा भावांचे बिनसले, असे समजू. धाकटा त्या वेळी एक शब्दही बोलला नाही. पुढे सणावाराला तो थोरल्याच्या घरी पंक्तीला बसला, हसला, जेवलाही. आठ वर्षांनी थोरल्याच्या मुलीची सोयरीक जमली, तेव्हा वरपक्षाच्या कानाशी लागून त्याने ती मोडली. येथे 'धाकट्याला थोरल्याचा हेवा वाटे' असे लिहिले, तर अर्थ भलतीकडेच जाईल. कारण हेवा दुसऱ्याच्या भरभराटीमुळे वाटतो आणि येथे तर भरभराटीचा प्रश्नच नव्हता. 'धाकट्याच्या मनात अढी होती' हे फार सौम्य होईल. अढी असलेला माणूस फार तर बोलणे टाळतो. 'आकस' हा शब्द थोडा जवळचा आहे, तथापि आकस माणसाच्या वागण्यात सहसा लपत नाही. आकसाने वागणारा अधिकारी चार लोकांना ओळखू येतो. आठ वर्षे पंक्तीला बसून हसणाऱ्या त्या माणसासाठी 'डूख' हाच शब्द हवा. सोयरीक मोडली, हा सूड. तो एका दिवसात घेऊन झाला. डूख आठ वर्षे होता आणि कोणालाही दिसला नव्हता.

सर्पाच्या डुखाची एक कथा महाभारतात आहे. अर्जुनाने खांडववन जाळले, तेव्हा तक्षक नाग तेथे नव्हता. त्याची पत्नी व पुत्र अश्वसेन आगीत सापडले. पुत्राला गिळून ती आकाशमार्गाने निघाली असता अर्जुनाने बाणाने तिचे मस्तक तोडले. अश्वसेन तेवढा निसटला. पुढे कुरुक्षेत्रावर कर्ण आणि अर्जुन समोरासमोर आले, तेव्हा तो कर्णाच्या नकळत त्याच्या बाणात शिरला. श्रीकृष्णाने रथ खाली दाबला, म्हणून अर्जुनाचा केवळ किरीट गेला. अश्वसेन परत आला आणि आपल्याला पुन्हा सोडावे, असे कर्णाला म्हणाला. दुसऱ्याच्या बळावर जय मिळविण्याची कर्णाची इच्छा नव्हती. त्याने नकार दिला. मग अश्वसेन एकटाच अर्जुनावर धावला आणि मारला गेला. आईच्या वधाचे दुःख खरे होते, हे मात्र वाचकाने विसरू नये.

ही झाली कथेतील नागाची गोष्ट. शेतातल्या सापाची गोष्ट निराळी आहे. अमुक माणसाने आपल्याला मारले, हे ओळखून त्याचा राग मनात वाहणे सापाला शक्य नाही. त्याला बाहेरून दिसणारे कान नसतात. जमिनीची कंपने त्याला समजतात आणि जीभ आतबाहेर करून तो गंध टिपतो. पाय पडला किंवा कोंडीत सापडला, तर तो स्वतःच्या बचावासाठी चावतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यापासून सावध राहावेच लागते. रात्री कंदील किंवा विजेरी घेतल्यावाचून शेतात जाऊ नये. परंतु ज्या धामणीला मुळीच विष नसते, तीही डुखाच्या भीतीने ठेचली जाते आणि मग धान्याच्या कणगीत उंदरांचे राज्य होते. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

पृथ्वी फिरते हे ठाऊक असूनही लोक 'सूर्य उगवला' असे म्हणतात. 'सापाने डूख धरला' हे वाक्यही तसेच भाषेत राहिले आहे आणि व्याकरणदृष्ट्या त्यात काही चूक नाही. एकदा हुसकावलेला साप चार दिवसांनी त्याच बांधावर पुन्हा दिसला, की ते कोणाच्या तरी तोंडून निघतेच. त्या वेळी बांधाखाली बारकाईने पाहिले, तर बहुधा उंदरांची ताजी बिळे आढळतात.