नडगीचें हाड आणि त्याचा आधार

आपल्या नडगीवरून बोट फिरवून पाहा. आंतल्या बाजूस कातडी व हाड यांच्यामध्यें मांस जवळजवळ नाहींच. म्हणून हें हाड मोडलें असतां कातडी फाटण्याचें भय मोठें, आणि रक्ताचा पुरवठा बेताचा असल्यामुळें तें जुळावयास कालही अधिक लागतो.

मोडलेलें हाड वैद्य जुळवीत नाहीं. तें आपण होऊनच जुळतें. तुकडे सरळ रेषेंत आणून तेथेंच राखणें, हें शल्यवैद्याचें काम होय.

१९३९ सालीं जर्मनीतील कील शहरीं गेरहार्ड क्युंट्शर यांनीं मांडीच्या हाडाच्या पोकळींत पोलादी सळई बसविली. पुढें हीच रीत नडगीसही लागू झाली. परंतु नुसत्या सळईभोंवतीं तुकडे फिरत, किंवा एकमेकांवर सरकून पाय आंखूड होई. म्हणून दोन्हीं टोकांपाशीं हाड व सळई यांतून आडवे स्क्रू घालूं लागले.

सळईची जाडीही महत्त्वाची आहे. भरीव सळईचा वांकण्यास होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताप्रमाणें वाढतो. ८ मिलिमीटरऐवजीं १० मिलिमीटरची सळई घेतली, तर हा विरोध सुमारें अडीचपट होतो. मात्र फार जाड सळईसाठीं पोकळी अधिक कोरावी लागते व आंतील रक्तवाहिन्यांस इजा होते.

गुडघ्याजवळ व घोट्याजवळ पोकळी रुंद असल्यानें सळई डळमळते. कुदळीच्या भोंकांत दांडा सैल बसला म्हणजे सुतार काय करतो? पाचर मारतो. तसाच सळईच्या बाजूस एखादा जादा स्क्रू घालून तिची वाट अरुंद करतात. या युक्तीनें सळईची पकड दृढ होते, हें जर्मन शल्यवैद्य क्रेटेक यांनीं १९९९ सालीं प्रयोगांतीं दाखविलें.

तथापि अगदीं अल्प हालचाल नव्या हाडाच्या वाढीस पोषकच असते. अति हालचाल मात्र घातक. हाड वेळेवर जुळलें नाहीं, तर पुनःपुन्हां भार पडून धातूही थकतो व तुटतो. म्हणून पायावर भार केव्हां व किती द्यावा, हें वैद्यासच ठरवूं द्यावें.

पालकांस विनंती एवढीच : असा अपघात झाल्यास पाय चोळूं नये अथवा ओढूं नये. जखम स्वच्छ कापडानें झांकावी, गुडघा व घोटा दोन्हीं स्थिर राहतील अशी फळी बांधावी आणि रुग्णास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. आवळून बांधलेल्या पट्टीनें रक्तप्रवाह थांबून पायही गमवावा लागतो. प्रथम घटकेची सावधगिरी ही पुढील सर्व उपचारांचा पाया आहे.