घरी घडविलेली वैज्ञानिक उपकरणे : दिल्लीतील ‘फीनिक्स’ प्रकल्पाचा धडा

विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांना स्वतंत्र गुण असतात. प्रत्यक्षात मात्र अनेक महाविद्यालयांत एका ऑसिलोस्कोपभोवती विद्यार्थ्यांचा घोळका उभा राहतो. एक जण बटणे फिरवितो आणि उरलेले त्याची वाचने वहीत उतरवून घेतात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१क (ज) नुसार विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. या कर्तव्यासाठी लागणारे साधन त्याला परवडते काय, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्राचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो.

उपकरणे महाग का असतात? केवळ त्यांतील सुटे भाग महाग असतात म्हणून नव्हे. वैज्ञानिक उपकरणांची बाजारपेठ लहान असते, त्यामुळे संशोधन व आरेखनाचा स्थिर खर्च थोड्याच नगांवर विभागला जातो. त्यात आयातीचा खर्च मिळतो. शिवाय उपकरणाची संगणकप्रणाली बंदिस्त असल्यास दुरुस्तीसाठी ग्राहक त्याच कंपनीवर अवलंबून राहतो. एकदा बिघडलेले यंत्र मग वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते. जडसंग्रह नोंदवहीत मात्र ते ‘उपलब्ध’ असते.

या कोंडीतून मार्ग काढण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न नवी दिल्लीत झाला. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या परिसरालगत अरुणा असफ अली मार्गावर आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये ‘न्यूक्लिअर सायन्स सेंटर’ या नावाने स्थापन केलेले हे पहिले आंतरविद्यापीठीय केंद्र. पेलेट्रॉन त्वरकावरील प्रयोगांतून येणारी माहिती टिपण्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक साधने व संगणकप्रणाली घडविण्याचा अनुभव येथील मंडळींपाशी होता. डॉ. अजितकुमार बी. पी. यांच्या पुढाकाराने २००४ च्या सुमारास तो अनुभव महाविद्यालयीन प्रयोगशाळेकडे वळविण्यात आला. घरगुती उपकरणे व नावीन्यपूर्ण प्रयोग यांद्वारे भौतिकशास्त्र, अशा अर्थाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून प्रकल्पाला ‘फीनिक्स’ हे नाव मिळाले. त्याचीच पुढची पायरी म्हणजे ‘एक्सपआइज’ हे छोटेखानी उपकरण. ते संगणकाच्या यूएसबी जोडणीवर चालते, विद्युतदाब मोजते, तरंग निर्माण करते आणि कालावधी मायक्रोसेकंदांपर्यंत टिपते. ऑसिलोस्कोप, तरंगजनक व कालमापक यांची शिक्षणापुरती कामे ते काही हजार रुपयांत करते.

एका प्रयोगावरून त्याचे महत्त्व ध्यानी येईल. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून लहान चुंबक खाली सोडला की विद्युतदाब निर्माण होतो, हा फॅराडेचा नियम शालेय पुस्तकातही असतो. दहा सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला चुंबक वेटोळ्यापाशी येईतो त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर होतो आणि पाच सेंटिमीटर लांबीचे वेटोळे तो सुमारे ३५ मिलिसेकंदांत ओलांडतो. गॅल्व्हानोमीटरचा काटा इतक्या वेळात केवळ थरथरतो. वेगाने वाचने घेणाऱ्या उपकरणावर मात्र दोन शिखरे उमटतात, एक वर व एक खाली. चुंबकाचा वेग वाढत असल्याने दुसरे शिखर अधिक उंच व अधिक अरुंद असते. तरीही दोहोंखालील क्षेत्रफळ जवळपास सारखेच भरते, कारण जेवढा चुंबकीय प्रवाह वेटोळ्यात शिरला तेवढाच बाहेर पडला. पाठ केलेले सूत्र येथे डोळ्यांना दिसते. (असे प्रयोग करताना घरातील २३० व्होल्टच्या विद्युतपुरवठ्याला उपकरण कधीही थेट जोडू नये.)

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे अशी बाब पुढेच आहे. या उपकरणाची आरेखने व संगणकप्रणाली मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करण्यात आली. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सार्वजनिक वस्तूच्या संकल्पनेत आरेखन नेमके बसते : एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. आरेखनाचा खर्च सार्वजनिक निधीतून एकदाच झाला, उत्पादन कोणालाही करण्याची मुभा राहिली, आणि स्पर्धेमुळे किंमत सुट्या भागांच्या खर्चाजवळ राहण्यास वाव मिळाला. ‘फॉसएशिया’ या संघटनेचे ‘पॉकेट सायन्स लॅब’ हे उपकरण याच आरेखनाच्या परंपरेतून पुढे आले. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून घडविलेल्या वैज्ञानिक खेळण्यांमागेही हीच भूमिका होती, आरेखन सर्वांचे.

स्वस्त आकडा आणि विश्वासार्ह आकडा

येथवरची कथा सुखद आहे. अडचण सुरू होते ती अंशशोधनापाशी, म्हणजेच कॅलिब्रेशनपाशी. पदार्थाच्या विश्लेषणासाठी वापरला जाणारा वर्णपटमापक घरी करता येतो. डीव्हीडीवरील चऱ्यांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे १,३५० रेषा. तिचा तुकडा, पुठ्ठ्याचे खोके, ब्लेडच्या दोन पात्यांची अरुंद फट आणि वेबकॅमेरा एवढ्यावर प्रकाशाचा वर्णपट पडद्यावर येतो. परंतु पडद्यावरील कोणते स्थान म्हणजे किती तरंगलांबी? त्याचे उत्तर जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमधील पारा देतो : त्याची निळी रेषा ४३५.८ नॅनोमीटरवर आणि हिरवी ५४६.१ वर असते. या दोन खुणांवरून मोजपट्टी आखावी आणि मिठाने पिवळ्या झालेल्या ज्योतीतील सोडियमची रेषा ५८९ च्या आसपास येते का, ते पडताळावे. ही पडताळणी टाळली तर हाती उरते ती केवळ रंगीत प्रतिमा.

दिल्लीच्या हवेने हा धडा घरोघरी पोहोचविला आहे. अतिसूक्ष्म धूलिकण, अर्थात पीएम २.५, मोजणारी छोटी यंत्रे आज दिल्लीतील व गुरुग्राम-नोएडातील अनेक घरांत दिसतात. संवेदक व मायक्रोकंट्रोलर आणून हौशी मंडळी ती स्वतःही जोडतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. घरगुती संवेदक कणांचे वजन करीत नाही. कणांवरून विखुरलेला लेसर प्रकाश मोजून तो वस्तुमानाचा अंदाज बांधतो. हिवाळ्यातील धुक्यात कण ओलावा शोषून फुगतात, प्रकाश अधिक विखुरतात आणि आकडा वास्तवाहून मोठा येतो. म्हणून मी या यंत्रांना निरुपयोगी म्हणणार नाही. स्वयंपाक करताना खिडकी उघडल्याने फरक पडतो काय, या प्रश्नाला तुलनात्मक वाचन पुरते. कारखान्याने मानक ओलांडले, हे सिद्ध करायला ते पुरत नाही. हवा व उत्सर्जन मोजणाऱ्या उपकरणांच्या प्रमाणीकरणाचे काम २०१९ मध्ये दिल्लीच्याच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे सोपविण्यात आले, त्यामागील कारण हेच.

शालेय स्तरावर २०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत अटल टिंकरिंग लॅब उभारल्या गेल्या. प्रत्येकीस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये अशा ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. हा खर्च प्रामुख्याने त्रिमितीय मुद्रकांवर व संचांच्या खरेदीवर होऊ नये, असे माझे मत आहे. प्रत्येक जिल्ह्यात एखाद्या महाविद्यालयाकडे प्रमाणित तापमापक, प्रमाणित वजने आणि हवा मोजणारे एक विश्वसनीय यंत्र ठेवावे आणि परिसरातील शाळांना आपली घरगुती उपकरणे वर्षातून एकदा त्यांच्याशी ताडून पाहता यावीत. उपकरणाशेजारी त्याच्या त्रुटीचा आकडा लिहिण्याची सवय विद्यार्थ्याला लागेल ती अशा ठिकाणीच.