अत्यवस्थ पेशंट आणि बोटावरची शुगर



मधुमेह आपल्या वस्त्यांना नवा नाही. बाबासाहेबांनाही या आजाराने शेवटच्या वर्षांत फार त्रास दिला. आज बोटाला टोचून पाच सेकंदांत शुगर सांगणारे मशीन घरोघरी आले आहे. चालत्या-बोलत्या माणसासाठी ते चांगलेच आहे. पण अंबड, परतूर, मंठ्याहून पेशंटला जालन्याला किंवा पुढे घाटीत नेऊन आयसीयूत ठेवावे लागते, तेव्हा त्याच मशीनचा आकडा फसवू शकतो. ते का, हे या वेळी पाहू.

मशीनमध्ये मुळातच थोडा फरक चालतो. शुगर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांचा आणि वर असेल तर १५ टक्क्यांचा फरक जागतिक मानकाने मान्य केला आहे. म्हणजे खरी शुगर ७० असेल तर मशीन ८५ ही दाखवू शकते.

अत्यवस्थ पेशंटमध्ये हा फरक आणखी वाढतो. बीपी खूप उतरले, हातपाय गार पडले की बोटापर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. मग बोटातली शुगर आणि शरीरातली शुगर जुळत नाही. अंगात रक्त कमी असेल तर अनेक मशीन खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. आपल्या कितीतरी आयाबहिणींचे हिमोग्लोबिन कमी असते, म्हणून हे लक्षात ठेवा. ग्लुकोजची सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तरी आकडा फुगतो. इतकेच काय, मोसंबी सोलून हात न धुता टोचले तरी शुगर जास्त दिसते.

यात धोका काय? आकडा खोटा जास्त आला तर इन्सुलिन जास्त दिले जाते आणि शुगर एकदम खाली जाते. शुद्धीवरचा माणूस घाम आला, चक्कर येते, असे सांगतो. बेशुद्ध पेशंट काय सांगणार? २००९ साली ६,१०४ आयसीयू पेशंटांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शुगर अगदी ८१ ते १०८ मध्ये ठेवलेल्या गटात २७.५ टक्के पेशंट दगावले. १८० पर्यंत चालू दिलेल्या गटात २४.९ टक्के. म्हणून आता आयसीयूत शुगर साधारण १४० ते १८० ठेवतात. १६० दिसली म्हणून घाबरू नका.

आपण काय करावे?

१. पेशंटचे हिमोग्लोबिन कमी आहे का, घरी कोणत्या गोळ्या व इन्सुलिन चालू होते, शेवटचे कधी खाल्ले, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

२. बीपी कमी असेल किंवा आकडा आणि पेशंटची अवस्था जुळत नसेल, तर "साहेब, नसेतले रक्त घेऊन लॅबमध्ये शुगर तपासता येईल का?" असे नम्रपणे विचारा.

३. नमुना बाहेरच्या लॅबमध्ये न्यायला दिला तर वाटेत थांबू नका. रक्त नुसते ठेवले तरी त्यातली शुगर कमी होत जाते.

४. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर-पाणी ओतू नका. श्वासनलिकेत जाते.

५. घरच्या पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात त्या खराब होतात. तारीखही बघा.

डॉक्टर-सिस्टरांवर अविश्वास दाखवा, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या माणसाच्या खाटेजवळ उभे राहून प्रश्न विचारायला लाजू नका. वेळेवर विचारलेला एक प्रश्न जीव वाचवू शकतो.