पडद्यासमोरून पडद्यामागे : नागराज मंजुळे यांच्या वाटचालीचा एक अभ्यास

चित्रपटाचे वेड हा आपल्या घरांत आजही काळजीचा विषय आहे. मुलगा चित्रपटांच्या नादी लागला म्हणजे तो हातचा गेला, अशी समजूत पालकांत आढळते; आम्ही शिक्षकही तिला अपवाद नाही. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील दोन मुले रात्री भिंत ओलांडून चित्रपटाला गेली. आम्ही त्यांना शिक्षा केली, त्यांच्या वडिलांना बोलावून घेतले. परंतु 'तुम्ही तिथे काय पाहिले?' हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. नागराज मंजुळे यांच्या वाटचालीचा अभ्यास करताना तो न विचारलेला प्रश्न आम्हांस वारंवार आठवत राहिला.

मंजुळे यांचा जन्म १९७७ साली सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, जेऊर येथे झाला. दगड फोडून पोट भरणाऱ्या वडार समाजातले हे मूल. गोष्टी ऐकण्याचा आणि चित्रपट पाहण्याचा त्याला विलक्षण नाद होता. शाळा बुडवून, घरच्यांची नाराजी पत्करून तो मित्रांबरोबर चित्रपट पाहत असे. पुढे दहावीत तो नापासही झाला. आपल्या नेहमीच्या हिशेबाने ही कथा इथेच संपावयास हवी होती.

ती संपली नाही, कारण नापास झालेला मुलगा पुन्हा अभ्यासाकडे वळला. पुणे विद्यापीठातून त्याने मराठी विषयात एम.ए. केले. तो कविता लिहू लागला. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्याचा कवितासंग्रह पुढे प्रसिद्ध झाला. त्यानंतर तेव्हाच्या अहमदनगर शहरातील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात त्याने संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. या शिक्षणाने त्याच्या हाती कॅमेरा दिला आणि 'पिस्तुल्या' हा लघुपट तयार झाला. शाळा बुडवून चित्रपट पाहणाऱ्या मुलाने पहिला लघुपट काढला, तो शाळेची ओढ असूनही शाळेपासून वंचित राहिलेल्या मुलावर! ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या लघुपटाला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला.

या घटनेचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली प्रदर्शित झाला. पुढील काळात 'अछूत कन्या' (१९३६), 'सुजाता' (१९५९) अशा चित्रपटांनी अस्पृश्यतेचा प्रश्न पडद्यावर आणला. त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तथापि ते चित्रपट सहानुभूतीने बाहेरून पाहणाऱ्यांनी केले होते. ज्याने सोसले तो कॅमेऱ्यामागे नव्हता. 'राजा हरिश्चंद्र'नंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१३ साली, मंजुळे यांचा 'फँड्री' आला आणि पाहणाऱ्याची जागाच बदलली.

'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गावातली डुकरे पकडण्याचे काम ज्या कुटुंबाच्या वाट्याला आले आहे, त्या कुटुंबातल्या जब्याची ही कथा. डुकराचा पाठलाग ऐन भरात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते. पुढे मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ही माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे रंगवलेली आहेत. कोणी एक शब्द बोलत नाही. भिंतीवर काय लिहिले-रंगवले आहे आणि भिंतीबाहेर काय चालले आहे, यांतील अंतर प्रेक्षकाला दिसते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. नागरिकशास्त्राचे अनेक तास घेऊनही जे आम्हांस शिकवता आले नाही, ते ही दृश्ये शिकवून जातात.

या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातलाच, हलगी वाजवणारा मुलगा. त्याने पूर्वी कधी अभिनय केला नव्हता. २०१६च्या 'सैराट'मधील आर्ची साकारणारी रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी. आपल्याला मिळालेली वाट मंजुळे यांनी आपल्या मागे बंद केली नाही, उलट रुंद केली, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. २०२२च्या 'झुंड'मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली मुले अमिताभ बच्चन यांच्याबरोबरीने पडद्यावर वावरली.

विद्यार्थ्यांनी यातून चुकीचा अर्थ काढू नये. शाळा बुडवणे वा नापास होणे हा यशाचा मार्ग नव्हे. आवड अनेकांना असते. वाचन, लेखन आणि रीतसर शिक्षण यांची जोड मिळाली तेव्हाच तिचा व्यवसाय झाला. आणि मंजुळे यांनी विषय शोधला तो परक्या मुलखात नव्हे, तर आपल्याच गावच्या मातीत. पालकांनी लक्षात घ्यावे, की नापासाचा शिक्का हा शेवटचा निकाल नसतो. आम्ही शिक्षकांनी शिकायचे ते हे, की शिस्त आवश्यक असली तरी शिक्षेआधी विचारपूस हवी.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. महिन्यातून एका शनिवारी वसतिगृहात एक चांगला चित्रपट दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाने त्यावर एक पान लिहावे. त्यासाठी एक प्रोजेक्टर आणि ग्रंथालयात चित्रपटकलेवरील थोडी पुस्तके, एवढे साहाय्य पुरेसे आहे. त्या दोन मुलांना जो प्रश्न आम्ही विचारला नाही, तो पुढच्या मुलांना तरी विचारू या.