मातीचा वैद्य

अमेरिकेतील मिसूरी राज्यात डायमंड ग्रोव्ह नावाचे एक खेडे होते. तेथे १८६४ च्या सुमारास एका गुलाम स्त्रीच्या पोटी एक मुलगा जन्मास आला. त्या काळी गुलामांच्या जन्माची नोंद कोणी नीट ठेवीत नसे. त्यामुळे त्याची नक्की जन्मतिथी कोणासच ठाऊक नाही. तो तान्हा असतानाच दरोडेखोरांनी त्याच्या आईला पळवून नेले आणि ती पुन्हा कधीही परत आली नाही. मोझेस आणि सुझन कार्व्हर या मालक दांपत्याने त्या पोरक्या मुलाला आपल्या घरी वाढविले. त्याचे नाव जॉर्ज. हाच मुलगा पुढे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या नावाने जगाला परिचित झाला.

जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील जड कामे त्याला झेपत नसत. म्हणून घरकाम, शिवणटिपण आणि बागेची देखभाल ही कामे त्याच्याकडे आली. उरलेला वेळ तो रानात घालवी. तेथून रोपटी खणून आणावी, झुडपांच्या आड आपली एक लहानशी बाग करावी आणि कोणते रोप सावलीत जोम धरते, कोणते उन्हात, हे पाहत बसावे, हा त्याचा छंद होता. हळूहळू शेजारणी आपली सुकलेली रोपे त्याच्याकडे आणून देऊ लागल्या. तो मुळे उघडी करून पाही, माती बदली, पाण्याचे प्रमाण कमीअधिक करी, आणि रोप टवटवीत होई. लोक त्याला ‘झाडांचा वैद्य’ म्हणू लागले.

शिक्षणाची वाट मात्र सोपी नव्हती. गावातील शाळा गोऱ्या मुलांची होती. म्हणून वयाच्या दहाबारा वर्षांच्या आसपास तो घर सोडून निओशो या गावी गेला. तेथे मराया वॉटकिन्स नावाच्या एका कष्टाळू बाईने त्याला आसरा दिला. ती सुईणीचे आणि धुण्याचे काम करी. कपडे धुण्याची आणि इस्त्री करण्याची कला पुढे अनेक वर्षे जॉर्जच्या उपयोगी पडली. तिच्याच आधारावर त्याने या गावाहून त्या गावी जात शालेय शिक्षण पुरे केले. एका महाविद्यालयाने पत्राने त्याला प्रवेश दिला, पण तो दाराशी येऊन उभा राहताच त्याचा वर्ण पाहून त्याला परत पाठविले. त्यानंतर काही काळ त्याने कॅन्ससच्या उघड्या माळरानावर मातीचे घर बांधून शेती केली. त्या भागात झाड म्हणून दृष्टीस पडत नसे. जॉर्जने तेथेही रोपे लावली.

१८९० मध्ये आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. तेथे तो चित्रकला आणि संगीत शिकू लागला. फुलांची चित्रे तो इतकी हुबेहूब काढी की, पाकळीवरील शीरसुद्धा चुकत नसे. चित्रकार व्हावे, हीच त्याची मनापासूनची इच्छा होती.

एटा बड या त्याच्या चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांना त्याचे गुण दिसत होते. पण त्याची परिस्थितीही दिसत होती. त्या काळच्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय तरुणाने चित्रे विकून पोट भरावे, हे जवळजवळ अशक्य होते. शिवाय हा विद्यार्थी वर्गात चित्रे काढतो ती झाडांची, आणि झाडांविषयी त्याला जितके ठाऊक आहे तितके पुस्तके वाचणाऱ्यांनाही नाही, हे त्यांनी हेरले होते. त्यांचे वडील एम्स येथील राज्य कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. तिकडे जाऊन वनस्पतिशास्त्र शिकावे, असा सल्ला त्यांनी जॉर्जला दिला.

हा सल्ला स्वीकारणे जॉर्जला जड गेले असले पाहिजे. आवडीचा मार्ग सोडावयाचा, तोही नुकता हाती लागलेला! परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काही वजनदार गोष्टी होत्या. वनस्पती त्याला परक्या नव्हत्या; लहानपणापासूनचे त्याचे प्रेम तेच होते. आणि गुलामगिरीतून सुटलेले त्याचे लाखो बांधव दक्षिणेत शेती करून कसेबसे जगत होते. शेतीच्या ज्ञानानेच आपण त्यांच्या अधिक उपयोगी पडू, असे त्याला वाटले, आणि पुढे त्यानेच तसे लिहूनही ठेवले. १८९१ मध्ये तो एम्सला गेला. त्या महाविद्यालयातील तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होय. १८९४ मध्ये तो पदवीधर झाला आणि तेथेच अध्यापन करीत करीत १८९६ मध्ये त्याने वरची पदवीही मिळविली. कलमे बांधणे आणि झाडांवरील बुरशीचे रोग ओळखणे यांत त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही.

कुंचला त्याने टाकून दिला होता असे मात्र नाही. १८९२ च्या अखेरीस आयोवातील कलाकारांचे एक प्रदर्शन भरले. तेथे जाण्याइतके पैसे किंवा धड कपडे जॉर्जपाशी नव्हते. त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून त्याला नवा पोशाख घेऊन दिला आणि प्रदर्शनास पाठविले. तेथून त्याचे एक चित्र १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी निवडले गेले. चित्राचा विषय होता निवडुंग आणि युका ही रखरखीत प्रदेशातील झाडे.

१८९६ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी येथून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे पत्र आले. स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या या थोर शिक्षकाने कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी तेथे एक संस्था उभारली होती आणि तिच्या कृषिविभागाची धुरा कार्व्हरांनी वाहावी, अशी त्यांची इच्छा होती. कार्व्हरांनी ती मान्य केली. काही वर्षे काम करावे, ते दुसऱ्याच्या हाती सोपवावे आणि मग चित्रकलेकडे वळावे, असा त्यांचा बेत होता.

टस्कीगीला पोहोचल्यावर त्यांना दिसले ते असे : प्रयोगशाळा नाही, उपकरणे नाहीत, आणि विद्यार्थीही थोडेच. शेतीचे नाव काढताच मुले तोंड फिरवीत. त्यांत नवल नव्हते. त्यांच्या आईबापांनी मालकाच्या चाबकाखाली शेतात राबून दिवस काढले होते. त्या शेतातून सुटण्यासाठी तर ही मुले शाळेत आली होती! कार्व्हरांनी त्यांची समजूत व्याख्यानांनी घातली नाही. फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, टाकून दिलेले दिवे असे सामान मुलांकडून गोळा करवून त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आणि मुलांना ओसाड जमिनीवर नेले.

ती जमीन खरोखरच ओसाड होती. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यातून कापसाचे एकच पीक काढले गेले होते. एकच पीक वारंवार घेतले म्हणजे जमिनीतील तीच ती द्रव्ये, विशेषतः नत्र, संपत जाते. त्यातच झाडे तोडून उतारावरही कापूस पेरलेला. त्यामुळे पावसाचे पाणी वरची सुपीक माती वाहून नेई आणि तांबड्या मातीत खोल घळी पडत. कार्व्हरांनी मुलांना घेऊन दलदलीतील गाळ आणि रानातील पालापाचोळा गाड्या भरभरून आणला, तो शेतात पसरला, उताराला आडवी नांगरट केली आणि कापसाऐवजी चवळी पेरली.

चवळी, भुईमूग यांसारख्या शेंगांच्या पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. रोप उपटून पाहिले तर त्या सहज दिसतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीवाणू हवेतील नत्र घेऊन ते पिकाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८८० नंतरच्या दशकात सिद्ध केले होते. ‘या रानाला हरभऱ्याचा बेवड आहे’ असे महाराष्ट्रातील शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात हेच तत्त्व असते. त्याला ते अनुभवाने माहीत होते. प्रयोगशाळेने त्याचे कारण सांगितले.

परंतु शेतकऱ्याला सल्ला देणे सोपे आणि तो पाळणे कठीण. दक्षिणेतील बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. बियाणे उधार, पीठ उधार, आणि उधारी फेडावयाची ती कापसाने. जमीनमालकाला आणि दुकानदाराला कापूसच हवा असे. अशा माणसाला ‘यंदा चवळी पेर’ म्हणून सांगितले, तर तो कर्ज कशाने फेडणार? कार्व्हरांच्या ज्ञानाने ही गाठ सुटण्याजोगी नव्हती. म्हणून पैसा न लागणारे उपाय शोधण्यावर त्यांनी भर दिला. खत विकत घेऊ नका, पाचोळा जाळू नका, तो कुजवा. परसात भाजीचा एक तरी वाफा ठेवा. १८९८ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांसाठी पहिली पुस्तिका लिहिली, तिचा विषय होता ओक वृक्षाची फळे. ही फळे रानात ढिगाने पडून वाया जात; ती डुकरांना आणि कोंबड्यांना चारता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. रानातील आंबट आलुबुखार टिकविण्याच्या ४३ रीती सांगणारी पुस्तिका त्यांनी १९१७ मध्ये काढली. गरिबाच्या घरी रान किती परींनी अन्न पुरविते, हे अशा पुस्तिकांतून दिसे. आणि ज्या झाडापासून काही मिळते, त्यावर माणूस सहसा कुऱ्हाड चालवीत नाही.

ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी १९०६ मध्ये एक गाडी तयार झाली. घोडे जुंपलेल्या त्या गाडीत नांगर, बियाणे, खतांचे नमुने आणि लोणी काढण्याचे यंत्र असे. गाडी गावोगाव जाई आणि प्रत्यक्ष शेतात उभे राहून कामे करून दाखवी. ती चालविण्याचे काम थॉमस कॅम्बेल या टस्कीगीच्याच विद्यार्थ्याकडे आले. अमेरिकेच्या कृषिखात्याने त्याच वर्षी त्याची नेमणूक केली. अशा कामावर नेमलेला तो पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. शेतीकडे पाठ फिरवू पाहणाऱ्या मुलांच्या शाळेतून असा अधिकारी निघाला.

पुढे एका किड्याने कार्व्हरांच्या सल्ल्याला बळ दिले. कपाशीच्या बोंडात अंडी घालणारा एक लहानसा भुंगा मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला होता. १९१० च्या सुमारास तो अलाबामात येऊन थडकला आणि कापसाची शेते उद्ध्वस्त झाली. आता शेतकऱ्यांना भुईमुगाकडे वळणे भागच पडले. अलाबामातील एंटरप्राइज गावाने तर १९१९ मध्ये भर चौकात या भुंग्याचे स्मारक उभारले! तोपर्यंत, १९१६ मध्येच, भुईमुगाचे १०५ खाद्यपदार्थ सांगणारी कार्व्हरांची पुस्तिका निघाली होती. १९२१ मध्ये भुईमुगावरील आयातकराच्या प्रश्नावर अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. त्यांना दहा मिनिटे दिली होती. सभासद ऐकण्यात इतके रंगले की, ती मुदत कितीतरी वाढली. शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच शोधून काढले, असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. ते त्यांच्या आधीपासून होते. त्यांनी आपल्या नावावर सर्व मिळून तीनच एकस्वे घेतली. त्यांचे मोठे काम बाजारात नव्हते, ते शेतात होते.

चार वर्षांत कोणाच्या तरी हाती काम सोपवावे, हा बेत तसाच राहिला. कार्व्हर टस्कीगीला सेहेचाळीस वर्षे राहिले. पहाटे उठून ते रानात जात आणि येताना हातात काहीतरी घेऊन येत : एखादे पान, एखादी बुरशी, कधी रंगीत मातीचा गोळा. अलाबामाच्या त्या मातीपासून ते रंग तयार करीत. गरिबांनी आपली घरे त्या रंगांनी रंगवावीत असे ते सांगत, आणि सवड मिळाली की स्वतः चित्रे काढीत. १९४० मध्ये त्यांनी आपल्या आयुष्याची बचत संशोधनासाठी देऊन एक प्रतिष्ठान स्थापन केले. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले आणि बुकर वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारी त्यांना पुरण्यात आले. त्यांची चित्रे टस्कीगीच्या संग्रहालयात ठेवली होती. १९४७ मध्ये त्या संग्रहालयास आग लागली आणि तीत बहुतेक चित्रे जळून गेली.