चाळिशीची धास्ती, बाविशीची अट

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे पालकांची रांग लागते. पूर्वी ते विचारायचे, ‘कॉम्प्युटर घ्यावं की आयटी?’ परवा साताऱ्याहून आलेल्या एका गृहस्थांनी मुलीची मार्कलिस्ट पिशवीतून काढायच्या आधीच विचारलं, “सर, आयटीत चाळिशीनंतर काढून टाकतात म्हणे. मग एवढी फी भरायची कशाला?” मुलगी सतरा वर्षांची. “बाबा, अजून तेवीस वर्षं आहेत,” ती पुटपुटली.

प्रश्न वेडगळ मात्र नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12,000 जणांना कमी करणार असल्याचं सांगितलं, आणि त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक असतील हेही सांगितलं. साताऱ्यापर्यंत ती बातमी पोचणारच.

मी स्वतः सोळा वर्षं कोड लिहिला, पुढे मुलाखतीही घेतल्या. एचआरकडून एक्सेलची शीट यायची: नाव, एकूण अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पीरियड. वयाचा रकाना कधीच नसायचा. जागा ‘4 ते 7 वर्षे’ अनुभवाची असली की अनुभवाच्या रकान्यावर फिल्टर लागायचा आणि चौदा वर्षं काम केलेली माणसं स्क्रीनवरून नाहीशी व्हायची. त्यांचा कोड कुणी उघडूनही पाहिलेला नसायचा. तो फिल्टर मीही लावला आहे.

यामागे वयाचा राग नसतो, हिशेब असतो. सर्व्हिस कंपनीला क्लायंटकडून पैसे मिळतात ते बरेचदा माणशी किंवा तासाप्रमाणे. म्हणून खाली फ्रेशर भरपूर आणि वर अनुभवी माणसं मोजकी, असा पिरॅमिड ठेवला की नफा सुटतो. फ्रेशरचं पॅकेज दहाएक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. पंधरा वर्षांच्या माणसाला त्याच्या कित्येक पट द्यावे लागतात, तेव्हा तो कित्येक पट काय जास्त करतो, हे कुणीतरी विचारणारच. अमेरिकेत चाळीस आणि त्यापुढच्यांना नोकरीत संरक्षण देणारा कायदा 1967 पासून आहे. तरी गुगलला 2019 मध्ये अशाच तक्रारीत दोनशेहून अधिक उमेदवारांशी 1.1 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्या खासगी क्षेत्रात तसा कायदाच नाही.

पण पालकहो, वयाचा पहिला दणका चाळिशीत बसत नाही, बाविशीत बसतो. फ्रेशर भरतीच्या जाहिराती नीट वाचा: ‘फक्त 2025 बॅच’, ‘शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप नको’. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीसाठी तीन वर्षं घालवून आलेला सव्वीस वर्षांचा इंजिनिअर या चाळणीतून पहिल्याच फटक्यात गळतो. अशा मुलांनी कॅम्पस ड्राइव्हच्या मागे धावण्यात अर्थ नाही. लहान कंपन्या, इंटर्नशिप, ओळखीतून रेफरल, हीच दारं त्यांना उघडतात. एमसीए आता दोन वर्षांचं आहे, त्याने पासआउटचं वर्ष नवं होतं, पण गॅपची अट काही ठिकाणी उरतेच. आणि एक गोष्ट अजिबात करू नका: गॅप झाकायला विकतचं एक्सपिरियन्स लेटर. पीएफच्या यूएएनवर आधीच्या नोकऱ्यांची नोंद असते, पडताळणीत ते उघडं पडतं आणि मिळालेली नोकरीही जाते.

चाळिशीचं म्हणाल, तर तिथे दोष थोडा आपल्या घरांचाही आहे. मुलाला नोकरीत आठ वर्षं झाली की लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच, “अजून मॅनेजर नाही झाला?” मग तो होतो. पुढची आठ वर्षं स्टेटस कॉल, पीपीटी आणि टाइमशीट मंजूर करणं. कंपनीने थर कमी करायचे ठरवले की पहिली नजर याच खुर्चीवर जाते, आणि बाहेर मुलाखतीत समोरचा कीबोर्ड पुढे सरकवतो. उलट माझ्याकडे एकदा सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले होते. बँकेची डे-एंड प्रोसेस मध्यरात्री कुठे कुठे अडकते, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं, आणि मग तिथेच बसून त्यातल्या एकाचा कोडही लिहिला. पॅनेलवरच्या सत्तावीस वर्षांच्या मुलाने वही काढून नोंदी घेतल्या. युनिक्सवाले केन थॉम्पसन यांची ‘गो’ भाषा जाहीर झाली तेव्हा ते 66 वर्षांचे होते, पण ते उदाहरण पालकांना द्यायला मला संकोच वाटतो. थॉम्पसन एखादाच. हे बँकवाले गृहस्थ मात्र कुणालाही होता येतं.

हे सगळं मी तासभर सांगितलं. साताऱ्याच्या गृहस्थांनी मान डोलावली, मुलीने वहीत काहीबाही लिहून घेतलं. चपला घालता घालता ते थांबले.

“सर, एक राहिलंच. मॅनेजर व्हायला साधारण किती वर्षं लागतात?”