ट्रॅक्टरच्या हवागाळणीची निगा

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळी नांगरटीच्या व सोयाबीनच्या मळणीच्या वेळी ट्रॅक्टरभोवती धुळीचे लोट उठतात. एक लिटर डिझेल जळण्यास निदान 10 घनमीटर हवा लागते. ही सर्व हवा गाळणीतूनच इंजिनात जाते. गाळणी चोंदली म्हणजे हवा अपुरी पडते, काळा धूर निघतो, शक्ती घटते व डिझेल वाया जाते. गाळणी फाटली अथवा नळी सैल झाली, तर धूळ आत शिरून सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजतात.

शेतकरी बंधूंनी इंजिन बंद करून पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी :

1. तेलाच्या गाळणीतील तेल रोज पाहावे. गाळ साचल्यास वाटी डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंत नवे तेल भरावे. जादा तेल इंजिनात ओढले जाते.

2. कागदी गाळणी धुऊ नये, हलकेच झटकावी. फाटल्यास बदलावी.

3. रबरी नळीच्या पट्ट्या घट्ट कराव्यात.

4. गाळणीवाचून इंजिन कदापि चालवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम मळणीपूर्वी प्रत्यक्ष करून दाखवावे. झिजलेले इंजिन दुरुस्त करण्यास मोठा खर्च येतो व ऐन हंगामात काम अडते. गाळणीच्या निगेस मात्र थोडा वेळ पुरतो.